मंगळवारचं पान

अर्ज पहिला (मंगळवार)

*विषय:* माझा भाऊ आपल्याकडे आहे का?

*माहिती कशासाठी हवी:* गोळ्या द्यायच्या आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक, पोटात काहीतरी गेल्यावर. चुकवून चालत नाही.

चौकट जेमतेम दोन बोटं उंच होती, त्यामुळे शेवटचं वाक्य रेघेवर चढून बसलं. तिने ते खोडलं नाही. खिडकीच्या काचेला एक गोल भोक होतं, आणि ते ज्याने पाडलं त्याने उभ्या माणसाची उंची कधी मोजली नसावी. बोलायचं तर कमरेत वाकावं लागे. जेलच्या नोंदी कक्षात येणारा प्रत्येकजण असा वाकूनच बोलायचा, अगदी तावातावाने भांडायला आलेलासुद्धा.

"ताई, हा प्रश्न झाला," खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या. "विषयात प्रश्न लिहीत नाहीत. 'माहिती मिळणेबाबत' लिहा."

"मग भाऊ आहे का ते कुठे विचारू?"

"ते खाली. नाव, जन्मतारीख. दोन्ही जुळलं तरच यंत्र नोंद दाखवतं. एकच नाव चार-चार जणांचं असतं हो, म्हणून."

तिने नाव लिहिलं. जन्मतारीख तर न थांबता लिहिली, कारण ती तिची स्वतःचीच होती. नऊ ऑगस्ट, आणि वर्षही तेच. कागदोपत्री ती आणि तिचा भाऊ जुळे होते.

"उत्तर उद्या दहानंतर," बाईंनी शिक्का मारला.

ती बाहेर आली आणि रस्त्यापलीकडे उभ्या केलेल्या शाळेच्या बसमध्ये जाऊन बसली. ही बस ती चालवायची. सकाळी सव्वानऊला शेवटचं मूल उतरवलं की दुपारी अडीचपर्यंत ती मोकळी असे. एरवी या वेळात ती काचा पुसायची, सीटखाली सापडलेल्या पाण्याच्या बाटल्या एका पिशवीत जमा करायची आणि मग मागच्या लांब सीटवर तासभर आडवी व्हायची. आज तिने फक्त हातातली डबी उघडून गोळ्या मोजल्या. अठ्ठावीस. काल सकाळी होत्या तेवढ्याच.

झालं होतं ते असं

भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. बाजाराच्या तोंडाशी कपाटाएवढी त्याची टपरी, आणि दिवसभर डोळ्याला भिंग. बाजारात त्याला सगळे काट्या म्हणत. सोमवारी तो घरी आला नाही. मंगळवारी पहाटे, बस काढायच्या आधी, ती टपरीवर गेली तर शटर अर्धं खाली आणि आत त्याचा फोन चार्जिंगला लावलेला. शेजारचा चावीवाला नुकताच येऊन दुकान मांडत होता.

"काल दुपारी दोघं आले," तो म्हणाला. "साधे कपडे, पण बूट एकसारखे. बूट बघूनच मी समजलो. परवा एक जण माझ्यासमोरच घड्याळ दुरुस्तीला टाकून गेला, ते चोरीचं निघालं म्हणे. काट्याला म्हणाले, चल जरा, दोन प्रश्न विचारायचेत."

"दोन प्रश्नांना रात्र लागते?"

"ताई, मला विचारू नका. मी चाव्या करतो, मला आधीच सगळे संशयाने बघतात."

जवळच्या चौकीत सांगितलं, आमच्याकडे नाही. दुसऱ्या कुठल्या चौकीने नेला असेल, तर ते सांगायचं काम आमचं नाही. जेलच्या नोंदी कक्षात अर्ज करा. अटकेच्या आणि कैद्यांच्या नोंदी सार्वजनिक असतात, कुणीही मागू शकतं. रस्त्यावरचा नळ दाखवावा इतक्या सहज त्या शिपायाने हे सांगितलं.

उत्तर पहिलं (बुधवार)

*आपण दिलेल्या नाव व जन्मतारखेशी जुळणारी नोंद आढळली नाही.*

अर्ज दुसरा (बुधवार)

*विषय:* माहिती मिळणेबाबत.

*तपशील:* वरच्याप्रमाणेच. शिवाय तो उंच आहे, मानेत थोडा पुढे झुकलेला. उजवा डोळा बारीक करून बघतो, पण ते रागाने नाही, भिंगाची सवय. बोटं लांब. हात धुतल्याशिवाय कशाला शिवत नाही. अशा कुणाला फीट आली असल्यास तोंडात चमचा घालू नये, फक्त कुशीवर वळवावं.

"एवढं लिहायची गरज नाही," खिडकीवाल्या बाई म्हणाल्या, पण वाचत मात्र शेवटपर्यंत गेल्या. "यंत्र हे वाचत नाही."

"यंत्र नाही वाचत, पण तुम्ही वाचलंत ना?"

बाईंनी या वेळी शिक्का नेहमीपेक्षा हळू मारला.

घरी आई बाजारहाटाची पिशवी न सोडताच बसून होती. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चौतीस वर्षं काढलेली बाई. चादरीवरचा डाग बघून कुठल्या वॉर्डातली ते सांगायची. रिकामं बसणं तिला माहीत नव्हतं. ती स्वतःच्या रागालाही कामाला लावायची.

"तीन हॉस्पिटलं पालथी घातली," आई म्हणाली. "नाही कुठे. म्हणजे आतच आहे. तुझ्या त्या खिडकीला दिसत नाही का? आंधळी आहे का ती?"

"नोंद नाही म्हणतात."

"दोन दिवस झाले गोळी बंद होऊन. झोप नसेल, धड खाणं नसेल." आईने पिशवीतून एक टोमॅटो काढला, बघितला, परत ठेवला. "फीट आली असेल त्याला. आणि फीट येऊन गेली की ते पोर खरं बोलत सुटतं. आठवतं ना सातवीत? वर्गात पडला, उठला, बाईंनी विचारलं बरं वाटतंय का. तर म्हणाला, खिडकीची काच मी फोडली. कुणी विचारलंय तुला? आणि वर म्हणतो, तुमच्या डब्यातला लाडूही मीच खाल्ला."

"अर्धा खाल्ला होता आई. अर्धा मी."

"हे आज सांगतेयस?"

दोघी हसल्या, आणि हसू संपल्यावर कुणीच कुणाकडे बघितलं नाही. तो तसाच होता. एरवी गिऱ्हाईकाला गोड बोलून चार दिवस फिरवणारा, पण फीट ओसरल्यावर पुढचे एक-दोन तास त्याचं डोकं धुऊन टाकलेल्या पाटीसारखं व्हायचं, आणि खोटं बोलायला जे जुळवावं लागतं ते त्याला जुळवता यायचं नाही.

उत्तर दुसरं (गुरुवार)

*वर्णनावरून शोध घेण्याची सोय नाही. दिलेल्या नाव व जन्मतारखेशी जुळणारी नोंद आढळली नाही.*

या वेळी तिने उत्तराचा कागद घडी न घालता तसाच हातात धरला आणि भोकाशी वाकली.

"बाई, मी अजून कशी विचारू? तुम्हीच सांगा. मी लिहिते."

"मला शिकवता येत नाही," खिडकीवाल्या बाई म्हणाल्या. "विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं, असा नियम आहे." मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं, आणि टोपणानेच बाहेरच्या जिन्याकडे दाखवलं. "मला चहाला जायचंय. त्या जिन्याखाली एक गृहस्थ बसतात. ते काही आमचे नाहीत."

जिन्याखाली तीन पायांचं टेबल होतं, चौथ्या पायाला विटा. मागे बसलेल्या म्हाताऱ्याला सगळे वकीलकाका म्हणत. तो वकील नव्हता. एका वकिलाच्या कचेरीत बावीस वर्षं टायपिंग करता करता त्याला कायदा पाठ झाला होता, आणि वकील वारला तरी त्याची सवय जाईना.

त्याने तिचे दोन्ही अर्ज आणि दोन्ही उत्तरं वाचली. चमच्याच्या वाक्याशी थांबला.

"छान लिहिता," तो म्हणाला. "पण तुम्ही माणूस मागताय. हे ऑफिस माणूस देत नाही. कागद देतं. कागद मागा."

"कुठला कागद?"

"दाखल नोंदवही. रोज कोण आत आलं, किती वाजता, अंगावर काय होतं, प्रकृती कशी. ती माणसाची माहिती नाही, ती ऑफिसची वही. तिचं पान कुणीही मागावं. नावं काळी करून देतात, बाकीचं उघडं."

"मग सोमवारचं पान मागते."

"सोमवारी कुठे? सोमवारी दुपारी धरला ना? रात्रभर चौकीत बसवला असेल. आत यायला मंगळवार उजाडला. मंगळवारचं मागा."

"आणि नाव काळं केलं तर मी त्याला ओळखणार कशी?"

वकीलकाकाने चष्म्यावरून बघितलं. "भाऊ तुमचा ना? की माझा?"

अर्ज तिसरा (गुरुवार)

*विषय:* दाखल नोंदवहीचे मंगळवारचे पान मिळणेबाबत.

*माहिती कशासाठी हवी:* (वकीलकाका म्हणाले, ही चौकट रिकामी सोडायची. कागद मागायला कारण लागत नाही. तिने ती रिकामी सोडली. फार जड गेलं.)

मंगळवारचं पान (शुक्रवारी सकाळी सव्वादहाला मिळालं)

*१. ██████ वय ५१. ट्रक चालक. हाती: पाकीट, चष्मा, जपमाळ. प्रकृती: ठीक.*

*२. ██████ वय २२. व्यवसाय सांगितला नाही. हाती: काही नाही. प्रकृती: ठीक.*

*३. ██████ वय ४४. आचारी. हाती: रुमाल, किल्ल्या सहा, लहान मुलाचा एक मोजा. प्रकृती: ठीक.*

तिला घाई होती, तरी तिसऱ्या ओळीतल्या मोज्याशी ती क्षणभर अडली. एकच मोजा. त्याचीही कुणी बहीण असेल, कुठल्यातरी खिडकीशी वाकलेली.

*४. ██████ वय ३६. जन्म २२ नोव्हेंबर. दुरुस्तीकाम. हाती: डोळ्याचे भिंग १, चिमटे २, बारीक स्क्रू (कागदात बांधलेले) ११. प्रकृती: गोंधळलेला. जिभेला चावा. पत्ता व फोन सांगू शकला नाही. जन्मतारीख विचारता दोनदा तीच सांगितली.*

भिंगावर ती थांबली नाही, चिमट्यांवरही नाही. अकरा स्क्रू कागदात बांधून खिशात ठेवणारा माणूस साऱ्या जगात एकच होता. पण तारखेवर मात्र तिचं बोट थांबलं.

बावीस नोव्हेंबर ही त्याची खरी तारीख.

ही तारीख घराबाहेर कधी बोलली गेली नव्हती. शाळेत घालायच्या वेळी ती सहाची होत होती, तो पाच पुरता झाला नव्हता. शाळेत वर्गागणिक सुटायच्या वेळा वेगळ्या. दोन मुलं दोन वर्गांत म्हणजे दिवसाला चार फेऱ्या, आणि धोबीखान्यातून एका फेरीपुरतीसुद्धा सुट्टी मिळायची मारामार. आईने नावं घालताना सांगितलं, जुळी आहेत. हेडमास्तरांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा तिच्या खांद्याखाली पोचणाऱ्या मुलाकडे. आई म्हणाली, हा माझ्यावर गेलाय, ती बापावर. हेडमास्तरांनी लिहून घेतलं. तेव्हापासून बत्तीस वर्षं फॉर्म आला की दोघं डोळे मिटून नऊ ऑगस्ट लिहायची. नोव्हेंबरात आई त्याला गुपचूप नवा शर्ट आणायची आणि शेजाऱ्यांना सांगायची, सेल लागला होता.

म्हणूनच दोन्ही अर्जांत दुसरी तारीख लिहून बघावी हे तिला सुचलंच नाही. जगातला कुठलाही माणूस एक तारीख चुकली तर दुसरी लिहून बघेल. तिच्यासाठी दुसरी तारीख फॉर्मात लिहायची गोष्टच नव्हती.

आणि त्याने ती सांगितली होती, तीही दोनदा, गणवेशातल्या माणसाला. म्हणजे त्याला जुळवता येत नव्हतं. म्हणजे मंगळवारीच फीट येऊन गेली होती, आणि त्यानंतर आणखी तीन दिवस गोळी नव्हती.

औषधांची खिडकी

ती इमारतीच्या मागच्या बाजूला. तिथे कंपाउंडर बसायचा. जाडजूड माणूस, बोटांना आयोडीनचे डाग. त्याने डबी घेतली, डॉक्टरची चिठ्ठी घेतली, वही उघडली आणि सगळं परत तिच्याकडे सरकवलं.

"हा वेगळा माणूस आहे."

"तोच आहे."

"चिठ्ठीवर नऊ ऑगस्ट. वहीत बावीस नोव्हेंबर. नाव तेच, पण वेगळा."

"दादा, माझा भाऊ मला कळत नाही का?"

"तुम्हाला कळतो हो. मला कळत नाही." तो रागावून बोलत नव्हता. "गेल्या वर्षी एकाच नावाचे दोघं होते. एकाच्या गोळ्या दुसऱ्याला गेल्या. मीच दिल्या. महिनाभर त्या माणसाला उभं राहता येईना. तेव्हापासून तारीख जुळल्याशिवाय मी डबीला हात लावत नाही."

"तुमच्या डॉक्टरांनी बघितलं नाही का त्याला?"

"बुधवारी बघितलं. गोळीचं नाव विचारलं तर म्हणाला, पांढरी. आमच्याकडे पांढऱ्या चाळीस प्रकारच्या आहेत, ताई." त्याने घड्याळाकडे बघितलं. "आज शुक्रवार. दीडला मी खिडकी बंद करतो. मग एकदम सोमवारी."

ती परत जिन्याखाली आली. वकीलकाकाने तिची गोष्ट ऐकून घेतली आणि हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक, वहीतली तारीख चुकीची म्हणायची. तुमचे कागद शाबूत राहतात. पण वही बदलायची तर कैद्याचा जबाब पुन्हा घ्यावा लागतो, आणि जबाब घेणारे साहेब सोमवारी."

"दुसरा?"

"वही बरोबर, कागद चुकीचे. ज्याने पहिल्यांदा खोटी तारीख लिहून दिली त्याने तसं लिहून द्यायचं. आई किंवा बाप. ते आजच घेतात. पण लक्षात घ्या, भाऊ चोरीच्या घड्याळापायी आत आहे. त्यात त्याचे सगळे कागद खोट्या तारखेचे आहेत असं तुम्हीच लेखी दिलंत, तर उद्या कोर्टात कुणी उभा राहून म्हणेल, बघा, ही असली माणसं. तुमच्या आईलाही विचारतील. मी घाबरवत नाही. नंतर म्हणू नका, काका बोलले नाहीत."

ती बसच्या पायरीवर जाऊन बसली. तीन दिवस थांबलं तर कागद वाचत होते. फीट एकटी आली तर मिनिटभरात जाते. एकामागून एक यायला लागल्या की मात्र थांबत नाहीत, हे तिने एकदा अँब्युलन्समध्ये त्याचं डोकं मांडीवर धरून बघितलं होतं. तिने आईला फोन लावला आणि दोन्ही रस्ते नीट समजावून सांगायला सुरुवात केली.

"कुठे सही करायची ते सांग," आई म्हणाली.

"आई, ऐक तरी पूर्ण. त्याच्यावर उलटू शकतं. तुझ्यावरही."

"उलटू दे की. तोवर तो जिवंत तर राहील. कुठली बस धरू?"

अर्ज चौथा (शुक्रवार, सव्वाबारा)

*आईने सांगितलं, वकीलकाकांनी लिहिलं.*

मी खाली सही करणार लिहून देते की,

("नाव लिहा." "लिहिलं.")

माझ्या मुलाची जन्मतारीख मी शाळेत खोटी सांगितली. खरी बावीस नोव्हेंबर. माझ्या लक्षात राहायला कागदाची गरज नाही. त्या दिवशी कामाला जाताना पोटात कळ आली, आणि धोबीखान्यातच,

("हे नको, आजी." "का नको? पुरावा आहे तो. तिथल्या चादरी विचारा.")

कामाच्या ठिकाणी मुलगा झाला. मुलगी त्याच्याहून सव्वा वर्षाने मोठी. ती जुळी नाहीत. मी तसं का सांगितलं, तर मला चार फेऱ्या जमत नव्हत्या. यात मुलाचा दोष नाही, तो पाचाचाही नव्हता. मुलीचाही नाही.

("पश्चात्ताप होतो असं लिहू का? साहेबांना बरं वाटतं." आईने थोडा विचार केला. "नाही होत. पोरं शिकली. दुसरं काहीतरी लिहा.")

माझ्यामुळे ऑफिसला त्रास झाला, त्याबद्दल माफी असावी.

आईने सही केली. ती फार सावकाश सही करायची, एकेक अक्षर चादर घडी घालावी तसं चारही कोपऱ्यांत बसवून.

नोंदींच्या खिडकीशी आई उभी राहिली तेव्हा भोक नेमकं तिच्या तोंडाशी आलं. ती मुळात बुटकी. आठवडाभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिथे सरळ उभं राहून बोलत होतं.

खिडकीवाल्या बाईंनी कागद वाचला. मग तिच्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुमचे आधीचे दोन अर्ज. त्यात तुम्ही स्वतः नऊ ऑगस्ट लिहिलंय. माहीत असून."

शाळेची बस चालवणाऱ्याला दर वर्षी चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यावा लागतो.

"हो," ती म्हणाली. "माहीत असून. पण तेव्हा आठवलं नाही. म्हणजे आठवत होतं, पण..."

"अगं, सुचलं नाही असं म्हण ना सरळ," आई म्हणाली.

बाईंनी दोन्ही अर्ज फाईलमधून काढले आणि भोकाखालच्या फटीतून बाहेर सरकवले. "माणूस सापडला की शोधाचे अर्ज मागे घेता येतात. मागे 'मागे घेत आहे' लिहा आणि सही करा. दोन्हीवर. तुमच्या हातानेच लिहायला लागेल." मग त्या आईकडे वळल्या. "आणि आजी, तुमचा कागद मात्र इथेच राहणार. तो मला परत देता येणार नाही. कोर्टाने मागितला तर द्यावा लागेल."

"राहू दे," आई म्हणाली. "जपून ठेवा. मी काही रोज खरं लिहून देत नाही."

खिडकीपलीकडून एक आवाज आला. खोकला असेल. शिक्का चार ठिकाणी बसला, आणि एक वाजून बारा मिनिटांनी कागद मागच्या खिडकीला पोचला. कंपाउंडरने वही, चिठ्ठी आणि आईचं लिखाण शेजारी-शेजारी ठेवलं, तिन्हींवर एकदम बोटं ठेवली, पियानोच्या पट्ट्यांवर ठेवावीत तशी. ओठ हलवत वाचलं. मग डबी उचलली.

"सत्तावीस लिहितो. एक आत्ता जाते."

"अठ्ठावीस होत्या," आई म्हणाली.

"एक आत्ता जाते म्हणून सत्तावीस, आजी."

"मग बरोबर."

तो आत गेला. पावती त्याने अजून दिली नव्हती. गोळी पोटात गेल्यावर, वेळ लिहून, कैद्याची सही घेऊनच पावती मिळायची. दोघी वाट बघत उभ्या राहिल्या. दीड झाला. खिडकी बंद व्हायची वेळ टळून गेली, पण खिडकी उघडीच होती. पावणेदोन झाले.

"तू जा," आई म्हणाली. "अडीचला पोरं उभी राहतील उन्हात."

"आणि तू?"

"मी इथे बसते. मला कुणी हलवून दाखवावं."

तिसऱ्या आणि चौथ्या थांब्याच्या मध्ये

एकतीस मुलं चढली होती, नऊ उतरली होती. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा नियम तिने बारा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. फोन समोरच्या खणात थरथरायला लागला तेव्हाही तिने उचलला नाही. तिने इंडिकेटर दिला, जिथे कधीच थांबत नसे अशा ठिकाणी, एका बंद दुकानापुढे, बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि मग उचलला.

"दिली," आई म्हणाली. "एक सत्तावन्नला. पावती आत्ता मिळाली, मला वाचून दाखवली त्याने. सही त्याचीच आहे, मी बघितली. वाकडी आहे पण त्याचीच."

"कसा आहे?"

"कंपाउंडर म्हणाला, मंगळवारी एकदा आणि काल एकदा. आज नाही. आता झोपलाय. उठला की संध्याकाळची कंपाउंडर स्वतः देणार आहे, घरी जायच्या आधी. मी काही सांगितलं नव्हतं हं, तोच म्हणाला." आई थांबली. मागे कुणीतरी शटर ओढत होतं. "मंगळवारी कोर्टात उभा करणार आहेत. ते काका म्हणतात, चावीवाल्याला साक्षीला आणा, घड्याळ कुणी टाकलं ते त्याने बघितलंय. मी आत्ता तिकडेच निघालेय. बघते कसा नाही म्हणतो ते."

"आई, जरा गोड बोल त्याच्याशी."

"गोडच बोलते मी. लोकांना कळत नाही."

फोन बंद झाला. पहिल्या सीटवरची, पुढचे दोन दात पडलेली मुलगी पट्टा ताणून पुढे झुकली होती.

"बाई, आपण का थांबलो?"

ती आरशात बघत राहिली. मागे बावीस डोकी, कुणी खिडकीला नाक लावलेलं, कुणी झोपेला आलेलं.

"माझ्या भावाने गोळी घेतली," ती म्हणाली.

मुलीने यावर गंभीरपणे विचार केला. "रडला का?"

"माहीत नाही गं."

"मी रडते. पण मग आई पाणी देते."

"हो," ती म्हणाली. "दिलं असेल कुणीतरी."

तिने हँडब्रेक सोडला, आरशात मागचा रस्ता बघितला, आणि एक सायकलवाला पुढे जाईपर्यंत थांबली. चौथ्या थांब्याला तिला सहा मिनिटं उशीर झाला. तिथे उभ्या असलेल्या आजोबांनी मनगटावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा तिने मान डोलावली आणि दार उघडलं.